गॅरिंचा : गिरणीवस्तीतले पाखरू

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहराच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी पाउ ग्रांदे नावाची एक छोटी वस्ती आहे. अमेरिका फॅब्रिल या कंपनीची कापडगिरणी हाच त्या वस्तीचा प्राण. घरे गिरणीची होती, खेळाचे मैदान गिरणीचे होते, फुटबॉलचा संघही गिरणीचाच होता, आणि कारभार पाहणारे अधिकारी इंग्रज होते. गिरणी आणि चाळ यांचे नाते ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे, त्यांना या वस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण जाणार नाही. भोंगा झाला की माणसे आत जात आणि भोंगा झाला की बाहेर येत. याच वस्तीत 1933 च्या ऑक्टोबर महिन्यात गिरणीच्या एका रखवालदाराच्या घरी मॅन्युएल दोस सांतोस जन्मला. पुढे सारे जग त्याला गॅरिंचा म्हणून ओळखू लागले.

या कुटुंबाचे मूळ ईशान्य ब्राझीलमधील फुल्नियो या आदिवासी जमातीत होते आणि त्यात आफ्रिकी रक्तही मिसळले होते. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती 1888 साली. अमेरिका खंडातील देशांत सर्वांत शेवटी. म्हणजे गॅरिंचाचा जन्म झाला तेव्हा त्या गोष्टीला पंचेचाळीस वर्षेच झाली होती. कायदा बदलला तरी माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलत नाही, हे आपल्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

फुटबॉल त्या देशात आला तो इंग्रजांबरोबर आणि आरंभी तो श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांतच राहिला. 1923 साली वास्को द गामा या क्लबाने कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि मजूर खेळाडूंचा संघ उतरवून रिओचे अजिंक्यपद पटकावले. तेव्हा इतर मोठे क्लब खवळले. पुढच्या वर्षी त्यांनी निराळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की त्याने आपले बारा खेळाडू वगळावेत. कारण वर्णाचे दिले नव्हते. या खेळाडूंना प्रतिष्ठित नोकरी नाही, धड लिहिता-वाचता येत नाही, असे कारण दिले होते. आधी शाळेचे दार बंद ठेवायचे आणि मग निरक्षर म्हणून मैदानाचेही दार बंद करायचे, ही युक्ती कोणत्या एका देशाची मिरासदारी नाही. वास्कोच्या अध्यक्षांनी लेखी नकार कळवला, ही गोष्ट त्या देशाच्या क्रीडा-इतिहासात आजही अभिमानाने सांगितली जाते. 1933 साली, म्हणजे गॅरिंचाच्या जन्मवर्षीच, रिओत फुटबॉल हा रीतसर पगारी व्यवसाय झाला आणि गरिबाच्या मुलाला पायांच्या बळावर पोट भरण्याची वाट कायद्याने मोकळी झाली.

या मुलाचे पाय मात्र जन्मतःच वाकडे होते. उजवा पाय आतल्या बाजूस वळलेला, डावा बाहेरच्या बाजूस, आणि दोहोंच्या लांबीत काही सेंटिमीटरचा फरक. शरीरयष्टीही लहानखुरी. गॅरिंचा हे त्या भागातल्या एका चिमुकल्या तपकिरी पाखराचे नाव. ते त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला ठेवले. शाळेत त्याचे मन रमले नाही. नदीत डुंबणे, मासे धरणे, पाखरांमागे रानात हिंडणे आणि फुटबॉल एवढेच त्याचे जग होते. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामात लक्ष नाही म्हणून त्याला एकदा काढूनही टाकले. परंतु गिरणीच्या संघाला तो हवा होता, म्हणून परत घेतले. त्याच्या हातांच्या कामाला तेथे मोल नव्हते, पायांच्या खेळाला मात्र होते. 1952 साली, अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाच, नायर नावाच्या गिरणीकामगार मुलीशी त्याचा विवाह झाला.

मोठ्या क्लबात जाण्याची त्याला विशेष घाई नव्हती. मित्रांच्या आग्रहाखातर तो एका-दोन ठिकाणी चाचणीला गेला. एके ठिकाणी बूट नेले नव्हते म्हणून परत आला आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटची गाडी चुकेल म्हणून चाचणी अर्धवट सोडून निघाला, असे सांगतात. अखेर 1953 साली तो बोटाफोगो क्लबात पोहोचला. त्याला अडवायला उभा होता निल्टन सांतोस, त्या काळचा देशातला नामवंत बचावपटू. गिरणीतल्या या पोराने चेंडू सरळ त्याच्या दोन पायांमधून काढला आणि पुढे निघून गेला. निल्टन सांतोस खरा मोठा माणूस. त्याने राग धरला नाही. याला लगेच करारबद्ध करा, नाहीतर उद्या तो दुसऱ्या संघातून माझ्यासमोर उभा राहील, असा आग्रह त्याने क्लबाकडे धरला. पुढे आयुष्यभर तो गॅरिंचाचा पाठीराखा राहिला. मुख्य संघातल्या पहिल्याच सामन्यात गॅरिंचाने तीन गोल केले.

त्याचा खेळ वर्णन करणे सोपे आणि अडवणे अशक्य होते. तो उजव्या कडेला उभा राहायचा. चेंडू पायाशी आला की थांबायचा. समोरचा बचावपटूही थांबायचा. मग गॅरिंचा अंग डावीकडे झुकवायचा, पण चेंडू जागचा हलायचा नाही. पुन्हा झुकायचा, पुन्हा थांबायचा. आणि एका क्षणी उजवीकडून निसटून जायचा. तो दर वेळी उजवीकडूनच जाणार हे सर्वांना ठाऊक असे, बचावपटूलाही ठाऊक असे, तरी तो जातच असे. वाकड्या पायांमुळे त्याचे शरीर ज्या बाजूस झेपावेल असे वाटे त्याच्या उलट बाजूस ते जाई. 1958 च्या आरंभी मेक्सिकोत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाविरुद्ध खेळताना त्याने बचावपटू व्हायरो याला इतक्या वेळा चकवले की प्रत्येक हुलकावणीला प्रेक्षक बैलझुंजीतल्यासारखा ओले असा गजर करू लागले. फुटबॉलच्या मैदानात हा गजर तेव्हापासून रूढ झाला असे मानतात.

आता 1958 च्या विश्वचषकाकडे वळू. पण त्याआधी 1950 चे स्मरण आवश्यक आहे. त्या वर्षी रिओतील नव्या माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून 2-1 असा हरला आणि सारा देश शोकात बुडाला. दोष कोणाच्या माथी आला? गोलरक्षक बार्बोझा आणि बचावपटू बिगोडे व जुवेनाल यांच्या. तिघेही काळे. मिश्र रक्ताच्या माणसांत कणखरपणा नसतो, मोक्याच्या क्षणी ती कच खातात, असा सिद्धान्त मोठमोठे शहाणे मांडू लागले. बार्बोझाने 2000 साली मृत्यू येईपर्यंत, पुरी पन्नास वर्षे, तो ठपका वाहिला.

म्हणून 1958 ला स्वीडनकडे निघालेल्या संघासोबत व्यवस्थापनाने एक मानसशास्त्रज्ञ दिला, जोआंव कार्व्हाल्याएस. खेळाडूंच्या बुद्धीची आणि मनोबलाची लेखी परीक्षा घेणे हे त्यांचे काम. गॅरिंचाला 123 पैकी 38 गुण मिळाले. साओ पाउलो शहरात बसचालकाची नोकरी मिळवायलाही ते पुरेसे नव्हते. त्याला मोठ्या सामन्याच्या दडपणाखाली खेळवू नये, असा अभिप्राय गेला. सतरा वर्षांचा पेले अजून पोरकट असल्याचा अभिप्रायही त्याच परीक्षेतून निघाला. मी शिक्षक आहे. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत आणि परीक्षेला निरर्थक म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण गुणवत्ता हा शब्द ज्यांच्या तोंडावर फेकला गेला, त्या समाजातला मी शिक्षक आहे. त्यामुळे ते 38 गुण वाचून मी पुढे जाऊ शकत नाही. परीक्षकाने मोजले ते त्याने न पाहिलेले पुस्तकी जग. तो जे जाणत होता ते मोजण्याचे साधन परीक्षकाच्या पेटीत नव्हते.

गॅरिंचा पहिल्या दोन सामन्यांत बाहेर बसला, याला आणखीही एक कारण देतात. स्पर्धेआधी इटलीतील फिओरेंतिना संघाविरुद्ध त्याने बचावपटूंना आणि गोलरक्षकालाही चकवले, आणि गोल समोर मोकळा असताना परतून येणाऱ्या बचावपटूला पुन्हा एकदा हूल देऊन मग चेंडू आत ढकलला. व्यवस्थापनाला हे बेजबाबदारपणाचे लक्षण वाटले. ऑस्ट्रियाला ब्राझीलने हरवले, इंग्लंडशी बरोबरी झाली. तिसरा सामना सोव्हिएत संघाशी होता आणि तो संघ शास्त्रशुद्ध तयारीसाठी प्रसिद्ध होता. प्रशिक्षक फेओला यांनी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल बाजूला ठेवला आणि 15 जून रोजी पेले आणि गॅरिंचा या दोघांनाही उतरवले. पहिल्याच मिनिटात गॅरिंचाने एकामागून एक बचावपटू मागे टाकून मारलेला चेंडू खांबावर आदळला. पाठोपाठ पेलेचा फटका आडव्या दांडीवर बसला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फुटबॉलच्या इतिहासातली ही सर्वांत विलक्षण तीन मिनिटे, असे जाणकार म्हणतात. 29 जूनला अंतिम सामन्यात स्वीडन आधी पुढे गेला. तेव्हा उजवीकडून गॅरिंचाने दोनदा चेंडू आत दिला आणि दोन्ही वेळा वावाने गोल केला. ब्राझील 5-2 असा जिंकला आणि प्रथमच जगज्जेता झाला. पेले आणि गॅरिंचा हे दोघे ज्या सामन्यात एकत्र खेळले, असा एकही सामना ब्राझील कधी हरला नाही.

विजयानंतर तो पाउ ग्रांदेला गेला आणि गिरणीतल्या जुन्या सोबत्यांबरोबर अनवाणी खेळू लागला. देशाने त्याला नाव दिले लोकांचा आनंद. प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण त्या प्रेमात एक हसू होते आणि ते मला खटकते. त्याच्या भोळेपणाच्या कितीतरी गोष्टी प्रसृत झाल्या. स्वीडनमध्ये त्याने रेडिओ घेतला. हा फक्त स्वीडिश बोलतो, घरी काय कामाचा, असे सांगून संघाच्या मालिशवाल्याने तो स्वस्तात काढून घेतला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. अशा गोष्टींतल्या कित्येक वार्ताहरांनीच रंगवलेल्या होत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे की गोष्ट कोण सांगतो आणि हसतो कोण. तो अडाणी आहे या समजुतीचा लाभ कोणाला झाला, हे क्लबाच्या दप्तरात दिसते. गॅरिंचा कोऱ्या करारावर सही करत असे. आकडा नंतर भरला जाई. त्याच्याहून कमी नावाजलेल्या सहकाऱ्यांना त्याच्याहून अधिक मिळे. मिळालेल्या नोटा घरात कपाटामागे, फर्निचरखाली पडून राहत. त्याच्या शेजारी बसून करार वाचणारा कोणी नव्हता. पेलेभोवतीही व्यवहाराची माणसे होती आणि काहींनी त्यालाही बुडवले. पण पेले त्यातून शिकला.

1962 चा विश्वचषक चिलीमध्ये झाला. दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी होऊन बाहेर पडला. कडेला उभा राहून खेळणारा गॅरिंचा आता मैदानभर खेळू लागला. ज्याला दडपण पेलवणार नाही असे चार वर्षांपूर्वी लिहून दिले होते, त्याने अख्खा संघ खांद्यावर घेतला. उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडविरुद्ध दोन गोल, त्यांतला एक डोक्याने, आपल्याहून उंच खेळाडूंमधून उसळी घेऊन. त्याच सामन्यात एक कुत्रे मैदानात शिरले. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने हातापायांवर रांगत ते पकडले, तर त्याने ग्रीव्ह्जचा सदरा ओला केला. पुढे ते कुत्रे सोडतीत गॅरिंचाला मिळाले आणि पाउ ग्रांदेला येऊन राहिले. उपांत्य सामन्यात यजमान चिलीविरुद्ध पुन्हा दोन गोल. सामनाभर लाथा खाल्ल्यानंतर त्याने एकदा उलट लाथ मारली आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. जाताना गर्दीतून आलेली एक वस्तू त्याच्या डोक्याला लागली. अंतिम सामन्याला तो मुकणार असे वाटत असतानाच सूत्रे हलली. ज्या सहायक पंचाची साक्ष महत्त्वाची, तो देश सोडून गेला आणि गॅरिंचा ताकीद घेऊन सुटला. हा न्याय सरळ मार्गाचा नव्हता, हेही लिहून ठेवले पाहिजे. अंगात ताप असताना तो अंतिम सामना खेळला. चेकोस्लोव्हाकिया 3-1 असा हरला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू गॅरिंचा ठरला.

याच वर्षी त्याच्या आयुष्यात गायिका एल्झा सोआरेस आली. तिची कथा त्याच्याहून कठीण. रिओच्या झोपडवस्तीतली ही काळी मुलगी. बारा-तेराव्या वर्षी बापाने लग्न लावून दिले, पोटची लेकरे भुकेने आणि आजाराने दगावली, ऐन तारुण्यात वैधव्य आले. रेडिओवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिचे ढगळ कपडे पाहून निवेदकाने चेष्टेने ती कोणत्या ग्रहावरून आली असे विचारले, तेव्हा आपण भुकेच्या ग्रहावरून आलो असे तिने उत्तर दिले आणि सभागृह गप्प झाले. गॅरिंचाने नायरला आणि मुलींना सोडून एल्झाशी संसार मांडला, तेव्हा देशाचा सगळा राग एल्झावर निघाला. घर मोडणारी, पैशाला भुललेली अशी दूषणे तिला मिळाली, घरावर दगड आले. वास्तविक त्या काळात तीच कमावत होती आणि त्याची दारू सुटावी म्हणून तीच दारोदार फिरत होती.

नायरविषयी मात्र चरित्रकार थोडक्यात आटोपतात. गिरणीत राबणारी, आठ मुलींची आई असलेली ही स्त्री. नवरा जगज्जेता झाला तरी ती पाउ ग्रांदेच्या त्याच घरात राहिली. गॅरिंचाची इतर स्त्रियांपासूनही मुले होती; बोटाफोगोच्या 1959 च्या दौऱ्यानंतर एक मुलगा तर स्वीडनमध्ये जन्मला. पोटगीसाठी नायरला न्यायालयात जावे लागले. वाकड्या पायांच्या देवदूताचे कौतुक करताना या आठ मुलींचा जमाखर्च कोणी मांडत नाही. तो शोषित होता हे खरे. त्याने ज्यांना दुःख दिले त्या स्त्रिया त्याच्याहून अधिक शोषित होत्या, हेही तितकेच खरे. पहिले सत्य सांगून दुसरे झाकण्याची सवय आपल्या चळवळीतही आहे. म्हणून हे लिहिले.

शरीर एव्हाना थकत चालले होते. वाकड्या पायांच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती. परदेश दौऱ्यात गॅरिंचा खेळला तर क्लबाला जास्त पैसे मिळत, न खेळल्यास कमी. म्हणून गुडघ्यात सुया टोचून त्याला उभे केले जाई. 1964 साली शस्त्रक्रिया झाली, पण जुनी गती परत आली नाही. सहाशेहून अधिक सामने खेळून घेतल्यावर बोटाफोगोने 1966 साली त्याला कोरिंथियन्सला विकून टाकले. त्याच वर्षी इंग्लंडमधील विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध त्याने आणि पेलेने एकेक गोल केला. दोघांचा तो एकत्र शेवटचा सामना. तीन दिवसांनी हंगेरीने ब्राझीलला 3-1 असे हरवले. देशासाठी खेळलेल्या 50 सामन्यांपैकी गॅरिंचा हरला तो हा एकच, आणि तोच त्याचा अखेरचा.

पुढची वर्षे मी भरभर सांगतो. 1969 च्या एप्रिलमध्ये तो चालवत असलेल्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात एल्झाची आई मरण पावली. ते ओझे त्याच्या मनावरून कधी उतरले नाही. त्याने जीव देण्याचे प्रयत्नही केले. देशात लष्करी राजवट होती. त्यांच्या घरावर गोळीबार झाला आणि दोघे इटलीला निघून गेली. तेथे एल्झा गाई आणि गॅरिंचा हौशी संघांतून किरकोळ पैशांसाठी खेळे. परतल्यावर, 19 डिसेंबर 1973 रोजी, माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना झाला. सुमारे 1,31,000 लोक आले. चाळिशीतला, जड झालेला गॅरिंचा अर्धा तास खेळला आणि मैदानाला फेरी मारून बाहेर पडला. 1976 साली त्याला आणि एल्झाला मुलगा झाला. पण दारूच्या नशेत तो तिच्यावर हात टाकू लागला होता. 1977 साली तिने त्याला सोडले. एल्झा पुढे दीर्घकाळ गात राहिली. उतारवयात तिने गायिलेल्या एका गाण्यातली बाई मारणाऱ्या पुरुषाविरुद्ध थेट तक्रार नोंदवायला निघते.

वर्गात ही कथा सांगितली की मुले नेहमी एकच विचारतात : सर, त्याला दारू सोडता आली नाही का? आपल्या शाळेत रोज सकाळी पंचशील म्हटले जाते आणि पाचवे शील मुलांना ठाऊक असते, म्हणून हा प्रश्न येतो. मी त्यांना सांगतो की गॅरिंचाचे वडीलही दारूतच संपले, त्या वस्तीत लहान मुलांनाही औषध म्हणून मध घातलेली दारू पाजत आणि क्लबात त्याचे पिणे ही हसण्याची गोष्ट होती. जोवर तो जिंकून देत होता, तोवर त्याला कोणी थांबवले नाही. हात धरणारे निल्टन सांतोस, एल्झा असे मोजकेच. मुलांचे समाधान होत नाही. माझेही पुरते होत नाही.

1980 च्या रिओ उत्सवात मांगेरा सांबा संघाने त्याला सजवलेल्या रथावर बसवून मिरवले. औषधांच्या गुंगीत तो नुसता बसून होता, गर्दीकडे त्याचे लक्षही नव्हते. रुग्णालयाच्या वाऱ्या वाढल्या. 20 जानेवारी 1983 च्या पहाटे, वयाच्या 49 व्या वर्षी, रिओतल्या एका रुग्णालयात यकृताच्या विकाराने त्याचा अंत झाला. त्याचा देह माराकानावर ठेवला गेला आणि मग अग्निशामक दलाच्या गाडीवरून पाउ ग्रांदेकडे निघाला. रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसे उभी होती. ज्यांनी त्याला शेवटच्या वर्षांत विचारले नाही तेही होते आणि ज्यांच्याकडे तिकिटाला पैसे नसल्याने त्याचा खेळ केवळ रेडिओवर ऐकला होता तेही होते. एल्झा त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, 2022 साली, वारली. तारीख तीच, 20 जानेवारी.

राजधानी ब्राझिलियातल्या राष्ट्रीय स्टेडियमला आज गॅरिंचाचे नाव आहे. 2014 च्या विश्वचषकासाठी ते प्रचंड खर्च करून नव्याने बांधण्यात आले. पाउ ग्रांदेजवळच्या ज्या स्मशानभूमीत त्याला पुरले, तेथेही त्याच्या नावाचा दगड आहे. पण 2017 साली चौकशी झाली तेव्हा त्याच्या अस्थी नेमक्या कोणत्या कबरीत आहेत हे तेथील व्यवस्थापनाला सांगता आले नाही. मधल्या काळात कुटुंबातल्या दुसऱ्या कोणाला जागा देण्यासाठी त्या हलवल्या गेल्या असाव्यात, असे सांगण्यात आले. कोठे हलवल्या, याची नोंद सापडली नाही.